मांडणीची किंमत

१ नोव्हेंबर २००६ रोजी ओपनबीएसडी या युनिक्स घराण्यातल्या ऑपरेटिंग सिस्टिमची ४.० ही आवृत्ती बाहेर पडली. कॅनडातल्या कॅल्गरीहून थिओ द राड्ट आणि जगभर विखुरलेले त्यांचे सहकारी तेव्हा दर मे आणि नोव्हेंबरात नेमाने नवी आवृत्ती काढत. तिच्या सगळ्या फायली सर्व्हरवर खुल्या असायच्या. कुणीही घ्याव्यात, वापराव्यात, बदलाव्यात, विकाव्यातसुद्धा. एकच वस्तू तिथे ठेवलेली नसे, ती म्हणजे प्रकल्प ज्या सीडी विकायचा त्यांची आयएसओ प्रत, म्हणजे सबंध सीडीची एका फाइलमधली जशीच्या तशी नक्कल. सीडीवरच्या फायली मुक्त होत्या, पण त्या फायलींची सीडीवरची मांडणी थिओ द राड्ट यांच्या स्वामित्वहक्काखाली होती. प्रकल्पाचं म्हणणं सरळ होतं. आमची सीडी हवी तर विकत घ्या, त्या पैशांवर हे काम चालतं. नाहीतर फायली उतरवा आणि स्वतःची सीडी स्वतः बनवा, आमची ना नाही.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्याचा अर्थ नीट लागला नव्हता. सामान फुकट आणि सामान लावण्याच्या पद्धतीवर हक्क? मांडणीत असं काय असतं? त्याचं उत्तर मला वाचून मिळालं नाही, सीडी बनवताना मिळालं.

सांगलीत तेव्हा आमच्याकडे डायलअप होतं. मोडेमवर ५६ केबीपीएस लिहिलेलं असे, पण तो वेग कागदावरचा. तो खरा धरला तरी ७०० एमबीची एक आयएसओ उतरवायला २९ तास लागले असते, तेही मध्ये एकदाही लाइन न तुटता. ओपनबीएसडीची सोय अशी की तिचं सगळं सामान वेगवेगळ्या गाठोड्यांत बांधलेलं असतं. बेस४० मध्ये मूळ सिस्टिम, कॉम्प४० मध्ये कंपायलर, मॅन४० मध्ये मदतीची पानं, एक्सबेस४० मध्ये खिडक्यांची व्यवस्था. आज एक गाठोडं, उद्या दुसरं, असं रात्री रात्री बसून गोळा करता येई. शेवटी सगळ्या फायलींच्या एमडी५ खुणा यादीशी जुळवून पाहिल्या, ४.० नावाच्या फोल्डरात आय३८६ नावाचं फोल्डर केलं, त्यात सगळं ठेवलं आणि ते कोऱ्या सीडीवर राइट केलं. सीडी उघडून पाहिली तर एकूण एक फाइल जागेवर होती. मशीन सुरू केलं तर ते सीडीकडे ढुंकूनही न पाहता हार्ड डिस्ककडे गेलं.

बूटेबल, म्हणजे जिच्यावरून मशीन सुरू होतं अशा सीडीचं सगळं मर्म या प्रसंगात आहे, म्हणून त्यावर जरा थांबू.

मशीनचं बटन दाबतो त्या क्षणी त्याला फाइल म्हणजे काय हे माहीत नसतं. फोल्डर, नाव, तारीख या सगळ्या कल्पना ऑपरेटिंग सिस्टिमच्या, आणि ती तर अजून यायची आहे. जागी असते ती फक्त मदरबोर्डवरच्या चिपमधली बायॉस. तिला डिस्कचे क्रमांकाचे कप्पे, म्हणजे सेक्टर, वाचता येतात. अमुक क्रमांकाचा सेक्टर आण, मेमरीत ठेव आणि त्यावर उडी मार, एवढीच तिची विद्या. फ्लॉपी आणि हार्ड डिस्कच्या बाबतीत हे काम सोपं होतं. पहिला सेक्टर ५१२ बाइटांचा, त्याच्या शेवटच्या दोन बाइटांत ५५ आणि एए ही खूण असली की बायॉस तो चालवायला घेई.

सीडीवर ही युक्ती चालत नाही. डेटा सीडीचा सेक्टर २०४८ बाइटांचा. शिवाय १९८८ मध्ये ठरलेल्या आयएसओ ९६६० या मानकानं सीडीचे पहिले १६ सेक्टर, म्हणजे ३२ केबी, मुद्दाम मोकळे सोडले आहेत. ही जागा ज्या त्या यंत्रानं आपल्या कामासाठी वापरावी, आम्ही तिथे काही लिहिणार नाही, असा तो संकेत. मानकाचा कारभार १६ क्रमांकाच्या सेक्टरपासून सुरू होतो. मोजणी शून्यापासून, त्यामुळे हा खरं तर सतरावा कप्पा. तिथे सीडी००१ अशी पाच अक्षरं असतात, मग सीडीचं नाव, आकार आणि मूळ फोल्डर कुठे आहे त्याचा पत्ता.

म्हणूनच १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात लिनक्स किंवा बीएसडी सीडीवर मिळत असली तरी मशीन सुरू व्हायचं ते फ्लॉपीवरून. डॉसमध्ये रॉराइट नावाच्या छोट्या प्रोग्रामनं फ्लॉपी लिहायची, तिच्यावरचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, मेमरीत चढायचा, आणि त्याच्याकडे आपल्या सीडी ड्राइव्हचा ड्रायव्हर असला तर पुढे सीडी दिसायची. त्या काळी कित्येक सीडी ड्राइव्ह साउंड कार्डाला जोडलेले असत. मित्सुमीची तार वेगळी, सोनीची वेगळी, पॅनासॉनिकची वेगळी. त्यामुळे कोणत्या ड्राइव्हला कोणती फ्लॉपी, याची कोष्टकं छापावी लागत. एक सेक्टर वाचता न येणारी फ्लॉपी सबंध बेत उधळून लावत असे.

जानेवारी १९९५ मध्ये फिनिक्स टेक्नॉलॉजीज आणि आयबीएम यांनी मिळून यावर तोडगा काढला. त्याचं नाव एल टोरिटो. कॅलिफोर्नियातल्या अर्वाइनमध्ये या नावाचं एक मेक्सिकन खाणावळवजा रेस्टॉरंट होतं, तिथे बसून या कल्पनेला आकार आला असं सांगतात. या क्षेत्रातली नावं मोठी लोभस आहेत. आयएसओ ९६६० चा पूर्वज हाय सिएरा हा लेक टाहोच्या काठावरच्या हॉटेलचं नाव घेऊन आला, कारण कंपन्यांची माणसं तिथे जमली होती. युनिक्सची लांब नावं आणि परवानग्या सीडीवर नेणाऱ्या रॉक रिज या विस्ताराला मेल ब्रूक्सच्या एका चित्रपटातल्या गावाचं नाव आहे. मानकांच्या क्रमांकांमागे एका टेबलाभोवती बसलेली माणसं होती, हे ही नावं विसरू देत नाहीत.

एल टोरिटोची युक्ती अशी. बायॉसनं १६ च्या पुढचा, म्हणजे १७ क्रमांकाचा सेक्टर वाचायचा. तिथे बूट नोंद असेल तर शून्यापासून मोजून ७१ व्या बाइटपाशी चार बाइटांचा एक आकडा मिळतो. तो असतो बूट कॅटलॉगचा सेक्टर क्रमांक. कॅटलॉगमध्ये ३२-३२ बाइटांच्या नोंदी. पहिली नोंद खातरजमेची, तिच्या शेवटी तीच जुनी ५५ आणि एएची खूण. दुसरी नोंद कामाची. तिचा पहिला बाइट ८८ असेल तर सीडी बूटेबल, ०० असेल तर नाही. त्याच नोंदीत सुरुवातीच्या प्रोग्रामचा सेक्टर क्रमांक आणि त्यातलं किती उचलायचं तो आकडा. बायॉस तेवढं उचलते, मेमरीत ठेवते आणि उडी मारते.

या सगळ्या वाटेवर एकाही फाइलचं नाव येत नाही. १७ क्रमांकाच्या सेक्टरमधला आकडा कॅटलॉगकडे बोट दाखवतो, कॅटलॉगमधला आकडा प्रोग्रामकडे. मी फायली नुसत्या उतरवून ठेवल्या, तेव्हा त्या पोचल्या होत्या, पण ही दोन बोटं उमटली नव्हती. कुणी चालू सीडीतल्या फायली हार्ड डिस्कवर घेऊन नव्या सीडीवर उतरवतो तेव्हा हेच होतं. फायली जातात, त्या नव्या जागी बसतात, आणि पत्ते मागेच राहतात. थिओ द राड्ट ज्याला मांडणी म्हणत होते ते मला इथे पहिल्यांदा दिसलं.

एल टोरिटोत एक तडजोडही होती. तेव्हाच्या सिस्टिमांना फ्लॉपीवरून उठायची सवय, म्हणून सीडीवर एक सबंध फ्लॉपीची प्रतिमा ठेवायची आणि बायॉसनं सोंग आणायचं की ए ड्राइव्हमध्ये खरीच फ्लॉपी आहे. १.२, १.४४ किंवा २.८८ एमबी, असे तीन आकार मान्य होते. ओपनबीएसडीनंही आधीच्या आवृत्त्यांत २.८८ एमबीच्या प्रतिमेनं काम भागवलं. पुढे सोंग सोडून थेट सीडीवरून उठण्याची रीत रुळली. ४.० मध्ये त्यासाठी दोन छोट्या फायली होत्या, सीडीबीआर आणि सीडीबूट. काही जुन्या बायॉसना थेट रीत झेपत नसे, म्हणून सोंगाची आयएसओही त्यांनी शेजारी ठेवली होती. जुन्या मशीनवाल्याला वाऱ्यावर न सोडण्याची ही काळजी मला फार आवडते.

सीडीबीआर अवघा २०४८ बाइटांचा, म्हणजे सीडीचा बरोबर एक सेक्टर. त्याला एवढंच कळतं की आयएसओ ९६६० ची फोल्डरं कशी चाळायची आणि सीडीबूट कुठे आहे ते कसं शोधायचं. म्हणजे नावाची ओळख असलेला या साखळीतला हा पहिला गडी. सीडीबूट त्याहून शहाणा. तो पडद्यावर बूट अशी खूण दाखवून थांबतो, हुकूम घेतो, आणि ईटीसी फोल्डरातली बूट.कॉन्फ ही फाइल वाचतो. तिथे एक ओळ लिहून ठेवायची असते की कर्नल म्हणून ४.०/आय३८६ मधला बीएसडी.आरडी घे. काही क्षण वाट पाहून तो तसं करतो.

बीएसडी.आरडी ही फाइल मला या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटते. हा कर्नल आपल्या पोटात एक छोटी डिस्क घेऊनच येतो. मेमरीत चढला की त्या डिस्कलाच मूळ फोल्डर मानतो आणि तिच्यावरची साधनं चालवतो. जागा वाचवण्यासाठी ही साधनं एकमेकांत गुंफून एकच प्रोग्राम केलेला असतो. यादी दाखवणं, नक्कल करणं, डिस्कचे भाग पाडणं, गाठोडी सोडणं ही सगळी कामं तोच करतो, ज्या नावानं हाक माराल त्या नावाचं काम. एवढं झाल्यावर सिस्टिमला चालत राहण्यासाठी सीडीची गरज उरत नाही. गाठोडी नेटवरून घ्यायची असतील तर सीडी खुशाल बाहेर काढावी. पडद्यावर प्रश्न येतो: इन्स्टॉल, अपग्रेड की शेल?

आता बनवायचं काय ते सांगतो. फोल्डर तेच, गाठोडी तीच. मुळाशी ईटीसी फोल्डर करून त्यात बूट.कॉन्फ ठेवायची. मग आयएसओ घडवणारा प्रोग्राम चालवायचा. लिनक्सवर तो एमकेआयएसओएफएस, एरिक यंगडेल यांनी सुरू केलेला. ओपनबीएसडीच्या पेटीत एमकेहायब्रिड येतो, जो जेम्स पिअर्सन यांनी एमकेआयएसओएफएसवरूनच बेतला. त्याला पाच गोष्टी सांगायच्या. रॉक रिज लाव. फ्लॉपीचं सोंग नको. सुरुवातीचा प्रोग्राम ४.०/आय३८६/सीडीबीआर. कॅटलॉग अमुक नावानं बनव. आणि तयार होणारी आयएसओ अमुक ठिकाणी ठेव. इथे बहुतेकांचं एका जागी अडतं. सीडीबीआरचा पत्ता तुमच्या हार्ड डिस्कवरचा द्यायचा नाही, होणाऱ्या सीडीच्या मुळापासूनचा द्यायचा. प्रोग्राम 'फाइल सापडली नाही' म्हणतो आणि माणूस समोर दिसणाऱ्या फाइलकडे पाहत राहतो.

रॉक रिज लावायचं कारण, मूळ आयएसओ ९६६० फार कंजूष आहे. त्याच्या पहिल्या पायरीवर नाव आठ अक्षरांचं, पुढे तीन, सगळी मोठी रोमन अक्षरं, आणि फोल्डरं आठ पातळ्यांपर्यंतच. गाठोड्यांच्या आत परवानग्या आधीच बांधलेल्या असल्यामुळे इन्स्टॉलच्या सीडीचं रॉक रिजवाचून फारसं अडत नाही. सीडीवरूनच चालणारी लाइव्ह सिस्टिम करायची असेल तर मात्र ते नसल्यास काहीच चालणार नाही, कारण तिथे प्रत्येक फाइलची परवानगी आणि प्रत्येक दुवा सीडीवरच जगत असतो.

प्रोग्राम आत काय करतो तेही पाहण्यासारखं आहे. कॅटलॉगमध्ये सीडीबीआरचा सेक्टर क्रमांक लिहायचा, पण सीडीबीआर कोणत्या सेक्टरवर पडेल हे आधीच्या सगळ्या फायली आणि फोल्डरं किती जागा घेतात त्यावर ठरणार. म्हणून तो आधी एकही बाइट न लिहिता सबंध सीडी मनात मांडतो. प्रत्येक फाइलला जागा नेमून देतो, पत्ते काढतो, आणि मगच शून्य सेक्टरपासून लिहायला घेतो. लग्नघरात पंगत बसण्याआधी कुणीतरी पाटांची मोजणी करून ठेवावी तसं. एका फाइलची लांबी बदलली तर तिच्या पुढच्या सगळ्यांचे पत्ते हलतात. म्हणून तयार आयएसओत नंतर काही खुपसायचं नसतं, ती नव्यानं घडवायची असते.

आयएसओ झाली की राइट करायची. त्यासाठी योर्ग शिलिंग यांचा सीडीरेकॉर्ड अनेक वर्षं सर्वांच्या हाताशी होता. इथेही एक चूक घरोघरी झाली आहे: आयएसओ ही एक फाइल म्हणून सीडीवर ठेवणं. ती सेक्टरांचा सलग पट्टा म्हणून उतरली पाहिजे, म्हणजे तिचा १७ क्रमांकाचा सेक्टर सीडीचाही १७ क्रमांकाचा सेक्टर होईल. त्या काळच्या रायटरांना आणखी एक धास्ती असे. लेझर चालू झाला की थांबता येत नाही, आणि मशीन डेटा पुरवायला क्षणभर चुकलं की सीडी वाया. २००० च्या सुमारास सॅन्योनं बर्न-प्रूफ आणलं आणि ड्राइव्हना थांबून पुन्हा त्याच जागी सांधायला शिकवलं. तोवर आम्ही राइट करताना माउसला हात लावत नसू.

राइट झाल्यावर सीडी वाचून तिची खूण आयएसओशी जुळवावी. ती नाही जुळली तर लगेच सीडी फेकू नये. एकेक ट्रॅक लिहिण्याच्या पद्धतीत शेवटी लेझर बंद होताना दोन सेक्टर निरर्थक उमटतात, आणि ड्राइव्ह तेही वाचायला जातो. त्यासाठी प्रोग्राम आयएसओच्या मागे १५० रिकामे सेक्टर जोडून देतो आणि आपण वाचताना आयएसओत जेवढे सेक्टर आहेत तेवढेच मोजून वाचायचे. खूण जुळते.

मी बनवलेली दुसरी सीडी चालली. पण अधिकृत सीडीची मांडणी याच्या कितीतरी पुढची होती, हे मला नंतर उमगलं. तीन तबकड्यांचा तो संच एकाच जातीच्या मशीनसाठी नव्हता. एकाच तबकडीवरून पीसीही उठत असे आणि पॉवरपीसीचं मॅकिन्टॉशही. प्रत्येक जातीचं मशीन सीडीवर वेगळ्या जागी पाहतं. मॅकिन्टॉशला अगदी सुरुवातीला, त्या मोकळ्या सोडलेल्या ३२ केबीत, आपल्या विभागांचा नकाशा हवा असतो. सनच्या मशीनला पहिल्या ५१२ बाइटांत आपलं लेबल हवं असतं. पीसी १७ क्रमांकाच्या सेक्टरवर जातो आणि आधी काय आहे ते पाहतही नाही. मानकानं जी जागा कुणासाठी म्हणून न सांगता मोकळी ठेवली होती, तिथे दोन परकी मशीनं एकमेकांच्या पायावर पाय न देता राहू शकत होती. असा संच दर सहा महिन्यांनी हातानं बसवायचा, प्रत्येक जातीच्या मशीनवर चालवून पाहायचा आणि मग छपाईला द्यायचा. त्या मांडणीवर हक्क सांगणं काही जणांना मुक्त सॉफ्टवेअरच्या तत्त्वाला सोडून वाटे. मला तसं वाटत नाही. एकही फाइल, सोर्सची एकही ओळ त्यांनी अडवली नाही. अडवली ती फक्त आपली मेहनत, आणि तीही, तुम्ही स्वतः करा म्हणत.

आपल्याकडे ही सीडी फार थोड्या घरांत आली असेल. इथे लिनक्स पोचली ती बव्हंशी मासिकांच्या पाठीला चिकटून. पीसीक्वेस्टनं १९९० च्या दशकातच अंकासोबत लिनक्सच्या सीडी दिल्या आणि तालुक्याच्या गावी राहणाऱ्या मुलांनाही युनिक्स घरी चालवता आली. पुढे उबुंटूनं शिपइट योजनेत जगभर फुकट सीडी पोस्टानं पाठवल्या, २०११ मध्ये ती योजना थांबली. परदेशी तिकिटाचं ते पाकीट पोस्टमननं हातात दिल्याचं आठवणारे महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. ज्यांची लाइन हळू होती त्यांना सीडी ही चैन नव्हती, तीच एक वाट होती.

४.० नंतर थोड्याच काळात ओपनबीएसडी स्वतःच गाठोड्यांसह पूर्ण आयएसओ सर्व्हरवर ठेवू लागली, आणि सप्टेंबर २०१६ ची ६.० ही सीडीवर विकली गेलेली शेवटची आवृत्ती ठरली. आता पेनड्राइव्ह आहे. पेनड्राइव्हला बायॉस हार्ड डिस्क समजते आणि पहिला सेक्टर मागते. तेव्हा लिनक्सवाल्यांनी त्या मोकळ्या ३२ केबीतच हार्ड डिस्कसारखा पहिला सेक्टर लिहून ठेवला, म्हणजे तीच आयएसओ सीडीवरही चालते आणि पेनड्राइव्हवरही. बायॉसची जागा घेणाऱ्या यूईएफआयला फॅट पद्धतीची छोटी डिस्क लागते. ती आयएसओच्या पोटात ठेवून तिचा पत्ता एल टोरिटोच्याच कॅटलॉगमध्ये आणखी एक नोंद करून दिला जातो.

या ओळी लिहिताना मी डेबियनची एक ताजी आयएसओ हेक्सडम्पनं उघडली. ही फाइल कधी चकतीवर जाणार नाही, एका आभासी मशीनला द्यायची आहे. १७ गुणिले २०४८, म्हणजे ३४,८१६ बाइट ओलांडून पुढे पाहिलं. आधी एक शून्य, मग सीडी००१, मग एक १, आणि त्याला लागून मोठ्या रोमन अक्षरांत लिहिलेलं: एल टोरिटो स्पेसिफिकेशन.